वजनाच्या तक्त्यात न दिसणारी धाप

रायगडमधल्या कर्जत तालुक्याचं नाव वर्तमानपत्रात आलं की बहुतेक वेळा ते कुपोषणाच्या बातमीत येतं, आणि त्यात चूक काही नाही. कशेळे, खांडस, कळंब पट्ट्यातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांवर, किंवा खालापुरात चौकच्या वरच्या अंगाला डोंगरकडेच्या वस्त्यांवर, ऐन पावसाळ्यात घरात काय शिजतं हे ज्याने पाहिलं आहे त्याला त्या बातम्या अतिरंजित वाटणार नाहीत. त्यामुळे इथे मुलांच्या आरोग्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाची, मग ती अंगणवाडी ताई असो, आशा असो की डॉक्टर, नजर एकाच कामासाठी तयार झाली आहे: किडकिडीत मूल शोधायचं, ते सॅममध्ये (तीव्र कुपोषित) बसतं की मॅममध्ये (मध्यम कुपोषित) ते ठरवायचं आणि त्याचं वजन वाढवायचं. मीही याच नजरेत तयार झालेला बालरोगतज्ज्ञ आहे. पण या नजरेतून एक दुसरं मूल सुटतं. ते नेरळ, कर्जत, खोपोली, मोहोपाडा अशा ठिकाणी आधी दिसू लागलं आणि आता रस्त्यालगतच्या गावांतही दिसतं. उंचीच्या मानाने त्याचं वजन बरंच जास्त असतं. मात्र वजनासाठी म्हणून त्याला कुणीच दवाखान्यात आणत नाही. आणतात ते 'छाती भरते', 'जिना चढला की दम लागतो', 'सारखा कफ होतो', 'रात्री घोरतो' असं सांगत. तक्रार श्वासाची असते, कारण निदान अंशतः वजनाचं असतं, आणि या दोन गोष्टी जोडणारी नोंद कुठल्याच वहीत नसते. मला या लेखात एवढीच गोष्ट पटवून द्यायची आहे की मुलाचं वजन आणि मुलाचा श्वास एकाच कागदावर लिहिले गेले पाहिजेत. एक लिहून दुसरं सोडलं तर आपण दोन्ही बाजूंनी चुकीचे उपचार करतो, आणि सध्या तेच चाललं आहे.

नोंदींचं पाहू. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडीत मुलाचं वजन होतं, उंची मोजली जाते, दोन्ही मोबाईलवर चढतात. सहाव्या वर्षी मूल शाळेत गेलं की हा धागा जवळजवळ तुटतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ मध्ये सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळांत एकदा जाणं अपेक्षित आहे, आणि ग्रामीण मुलांसाठी इतकी उपयोगी योजना अलीकडे दुसरी झाली नाही असं माझं मत आहे. तिच्या मूळ तीस आजारांच्या यादीत श्वासनलिका आकसण्याचा आजार, म्हणजे व्यवहारात बालदमा, आहे. तीव्र कुपोषण आहे, मुडदूस आहे, गलगंड आहे. लठ्ठपणा नाही. यादी ज्या काळात झाली त्या काळातली भीती तिच्यात उतरली आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम असा की शिट्टी वाजणारी छाती एका रकान्यात जाते आणि त्याच मुलाचं वजन, जर झालंच असेल तर, 'कुपोषित नाही' एवढंच सांगून थांबतं. कुपोषित नाही म्हणजे ठीक आहे, हा आपल्याकडचा सर्वांत महाग पडणारा निष्कर्ष आहे.

वजनाचा श्वासाशी संबंध नेमका कसा लागतो हे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण 'जाड आहे म्हणून दम लागतो' हे वाक्य सगळ्यांना माहीत असतं आणि तिथेच विचार संपतो. श्वास आत घेताना फासळ्या वर उचलल्या जातात आणि छाती-पोटामधला श्वासपटलाचा स्नायू खाली सरकतो. पोटात आणि छातीच्या भिंतीवर चरबी साठली की फासळ्यांना जास्त वजन उचलावं लागतं आणि पटलाला खाली जायला जागा कमी मिळते. लोहाराच्या भात्यावर कुणी पाटा ठेवून द्यावा तसं. भाता तरीही चालतो, पण पुरा उघडत नाही. आपण शांतपणे श्वास सोडतो तेव्हा फुप्फुसात बरीच हवा शिल्लक राहते आणि तीच बारीक श्वासनलिकांना उघडं धरून ठेवते. लठ्ठ मुलात ही शिल्लक हवा कमी होते. मग फुप्फुसाच्या खालच्या भागातल्या नलिका अरुंद होतात, काही मिटूही लागतात, आणि मूल उथळ, भराभर श्वास घेऊ लागतं. दुसरीकडे त्याच शरीराला चालायला, चढायला प्राणवायू जास्त लागतो. मागणी वाढली आणि पुरवठ्याची जागा घटली. एवढ्यानेच धाप लागते, यात दम्याचा अजून संबंधही आलेला नाही.

दमा येतो तो पुढच्या दोन कारणांनी. पहिलं कारण मुलांच्या वाढीतलं आहे आणि मोठ्यांच्या पुस्तकात ते सापडत नाही. लठ्ठ मुलाचं फुप्फुस बहुतेक वेळा लहान नसतं, उलट आकाराने ते सामान्य किंवा थोडं मोठंच भरतं. पण हवेच्या नलिका त्या प्रमाणात रुंद होत नाहीत. संशोधक एरिक फोर्नो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये बऱ्याच मुलांच्या फुंकर-चाचण्या एकत्र करून हे दाखवलं. अशा मुलाने स्पायरोमेट्रीत, म्हणजे याच फुंकर-चाचणीत, जोरात फुंकलं तर एकूण हवा भरपूर निघते, पण पहिल्या सेकंदात तिचा जेवढा वाटा बाहेर यायला हवा तेवढा येत नाही. कागदावर अडथळा दिसतो. तो सुजेचा अडथळा आहे की वाढीतल्या विसंगतीचा, हे त्या एका कागदावरून कळत नाही. दुसरं कारण चरबीचं स्वतःचं. चरबी म्हणजे नुसता साठा नव्हे. तिच्यातून लेप्टिनसारखे आणि सूज वाढवणारे इतर पदार्थ रक्तात सुटतात आणि शरीरभर एक मंद दाह चालू राहतो. या दाहाची जात धूळ-परागांच्या ॲलर्जीतल्या दाहापेक्षा वेगळी असते. म्हणूनच की काय, अमेरिकेतल्या एका मोठ्या बालदमा चाचणीची माहिती पुन्हा तपासली तेव्हा जास्त वजनाच्या मुलांना पंपातल्या स्टिरॉइडचा फायदा इतरांपेक्षा कमी झालेला आढळला. आकड्यांत बोलायचं तर २०१८ मध्ये पाच लाखांहून अधिक अमेरिकी मुलांच्या वैद्यकीय नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात लठ्ठ मुलांमध्ये नव्याने सुरू झालेल्या दम्यापैकी २३ ते २७ टक्के दम्याचा धागा थेट लठ्ठपणाशी लागला. म्हणजे लठ्ठ मुलांतला चारातला जवळजवळ एक दमा, वजन आटोक्यात असतं तर, कदाचित सुरूच झाला नसता. उरलेले तीन तरीही झाले असते, हेही त्याच आकड्यात आहे, आणि पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

आता तपासणीच्या टेबलावर काय होतं ते. पालक 'दम लागतो' म्हणतात, मूल गुबगुबीत असतं आणि डॉक्टरपुढे दोन सोपे रस्ते असतात. एक, दमा समजून वाफ द्यायची, पंप लिहायचा. दुसरा, 'खाणं कमी करा, खेळायला पाठवा' असं दटावून घरी पाठवायचं. दोन्हीही अर्धे बरोबर आहेत म्हणूनच धोक्याचे आहेत. पहिल्यात, ज्याला केवळ वजनाने आणि सवय नसल्याने धाप लागते त्या मुलावर दम्याचा शिक्का बसतो, पंप चालू राहतो, फरक पडत नाही, मग डोस वाढतो आणि शाळेला 'याला खेळायला लावू नये' अशी चिठ्ठी जाते. मूल आणखी बसतं, आणखी वाढतं. दुसऱ्यात, ज्याला खरोखर दमा आहे त्याचा दमा वजनाच्या पांघरुणाखाली झाकला जातो. भारतात ही दुसरी चूक लहान नाही. ग्लोबल अस्थमा नेटवर्कच्या भारतातल्या पाहणीत, ज्यात पुण्याचे डॉ. संदीप साळवी होते, छातीत घरघर होणाऱ्या ८२ टक्के लोकांचा दमा निदानातच आलेला नव्हता. तेव्हा भेद करावा लागतो, आणि तो करायला फार महागडं काही लागत नाही. नुसत्या वजनाची धाप श्रम केल्यावर लागते आणि थांबलं की काही मिनिटांत बसते. रात्री ती मुलाला उठवत नाही. दमा रात्री, पहाटे, थंड हवेत, हसताना-रडतानाही येतो, खोकला बरोबर आणतो, एके दिवशी असतो तर चार दिवस नसतो, आणि श्वासनलिका उघडणाऱ्या पंपाने पंधरा-वीस मिनिटांत मोजता येईल इतका हलतो. स्पायरोमेट्री आमच्या भागात सहज मिळत नाही, पण फुंकरीचा वेग मोजणारा काहीशे रुपयांचा पीक फ्लो मीटर कुठल्याही दवाखान्यात ठेवता येतो. तो बहुतेक ठिकाणी नसतो. वजनकाटा असतो, पण श्वासाची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला त्यावर उभं केलं जातं ते औषधाचा डोस काढण्यापुरतं. उंची मोजण्याची पट्टी भिंतीवर असली तरी तिच्यापुढे औषधांचे खोके रचलेले असतात.

याला जोडून आमच्याच व्यवसायाबद्दल एक नावडती गोष्ट. पावसाळ्यात छाती भरलेल्या मुलाला चटकन आराम पडावा म्हणून तोंडाने द्यायच्या स्टिरॉइडचं बाटलीतलं औषध सर्रास दिलं जातं. खऱ्या दम्याच्या झटक्यात तीन ते पाच दिवस ते द्यावंच लागतं, त्यावर वाद नाही. पण प्रत्येक खोकल्याला तेच, जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून तेच, असं वर्षातून अनेकदा झालं की भूक खवळते, चेहरा भरतो, पोट सुटतं. घरचे खूश होतात, कारण 'औषध अंगी लागलं'. मग त्या वजनाने धाप वाढते आणि पुन्हा तीच बाटली येते. ज्या पंपाला पालक घाबरतात, 'एकदा लावला की सवय लागते' म्हणतात, त्याच्या महिन्याभराच्या फवाऱ्यांतून शरीरात जेवढं स्टिरॉइड जातं त्याहून कितीतरी जास्त या बाटलीच्या काही दिवसांत जातं. पंपाची भीती आणि बाटलीचा विश्वास ही अदलाबदल व्हायला हवी.

घोरण्याविषयी इथे कुणी तक्रार करत नाही. बाप घोरतो, आजोबा घोरतात, मुलगाही घोरतो. 'गाढ झोपतो' असं कौतुकानेच सांगितलं जातं. पण लठ्ठ मुलात घशाच्या भोवती साठलेली चरबी आणि वाढलेले टॉन्सिल-ॲडिनॉइड मिळून झोपेत श्वासाचा रस्ता पुन्हा पुन्हा बंद करतात. मूल क्षणभर अर्धवट जागं होतं, कूस बदलतं, पुन्हा झोपतं आणि सकाळी दमलेलंच उठतं. वर्गात पेंगतं किंवा, मुलांच्या बाबतीत हे जास्त, चिडचिडं आणि चंचल होतं. काहींचं गादी ओली करणं पुन्हा सुरू होतं. शाळेतून 'लक्ष नाही' असा निरोप येतो आणि शिकवणी लावली जाते. टॉन्सिल काढले की प्रश्न मिटतो असं सडपातळ मुलांत बऱ्याचदा होतं. लठ्ठ मुलांत शस्त्रक्रियेनंतरही अडथळा राहून जाण्याचं प्रमाण जास्त आहे. न झोपलेल्या शरीराला दुसऱ्या दिवशी भूक जास्त लागते, तीही गोड-तळलेल्याची, हे वेगळं सांगायला नको.

'इथे पोरं उपाशी आहेत आणि तुम्ही जाड मुलांचं काय घेऊन बसलात?' हा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण तो नैतिक आहे. त्याला माझं उत्तर असं की ही दोन वेगळी दुखणी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालची १.९ टक्के मुलं उंचीच्या मानाने जास्त वजनाची होती. २०१९ ते २१ च्या पाचव्या फेरीत ती ४.१ टक्के झाली. त्याच पाचव्या फेरीत महाराष्ट्रातली ३५.२ टक्के मुलं खुजी आणि २५.६ टक्के मुलं लुकडी होती. दोन्ही आकडे एकाच राज्यातले, एकाच पाहणीतले. याचं मूळ पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या कामात सापडतं. पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायांचा आणि त्यांच्या बाळांचा पाठपुरावा केला. ही बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. पण आपली बाळं सगळ्याच बाबतीत कमी नव्हती: स्नायू कमी होते, पोटातले अवयव लहान होते, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. बाहेरून बारीक, आतून चरबीदार असं हे शरीर पुढे भरपूर आणि चुकीचं अन्न मिळालं की वजन पोटावर घेतं, म्हणजे नेमकं श्वासपटलाच्या आड येईल तिथे. आईच्या पोटात उपाशी राहिलेलं मूल दहाव्या वर्षी धापा टाकत असेल तर ते कुपोषणाच्या विरोधातलं उदाहरण नसून त्याचीच पुढची पायरी आहे. आणि एक तांत्रिक गोष्ट, जी अंगणवाडी ताईंना डॉक्टरांपेक्षा चांगली कळते. खुज्या मुलाचं वजन वयाच्या तक्त्यात अगदी 'बरोबर' भरू शकतं आणि तरीही ते त्याच्या उंचीला जास्त असू शकतं. नुसतं वजन पाहणारा माणूस अशा मुलाला आणखी खाऊ घालतो. चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचा विचार एकाच अध्यायात केला आहे. आपण मात्र त्यांच्यासाठी दोन खाती आणि दोन योजना केल्या.

दुसरा आक्षेप हवेचा. लोक म्हणतात, दोष वजनाला कशाला देता, हवा बघा. ते खरं बोलतात. खोपोलीत कारखाने आहेत, पाताळगंगा-रसायनी पट्ट्यात रासायनिक उद्योग आहेत, द्रुतगती मार्ग आणि जुना महामार्ग दोन्ही खालापुरातून जातात, वीटभट्ट्या पावसाळा येईपर्यंत धुमसत असतात. उन्हाळ्यात भाताच्या रोपांच्या जागा भाजण्यासाठी शेतोशेत राब पेटतात आणि संध्याकाळी धूर खोऱ्यात बसून राहतो. वाड्यांवर चूल आहेच. पावसाळ्यात चार महिने भिंतींना ओल धरते आणि बुरशी येते, दिवाळीच्या सुमारास झोडणीची धूळ. दमा व्हायला इतकी कारणं पुरेशी आहेत आणि मघाच्या आकड्यातले उरलेले तीन दमे बहुतांश असेच होतात. पण हवा दोषी ठरली म्हणून वजन निर्दोष सुटत नाही. अमेरिकेत बाल्टिमोरच्या गरीब वस्त्यांतल्या दमेकरी मुलांच्या घरातली धूळ मोजली गेली, तेव्हा तेवढ्याच प्रदूषणाने लठ्ठ मुलांना इतरांपेक्षा जास्त त्रास झाल्याचं दिसलं. म्हणजे खराब हवेच्या भागात वजनाकडे दुर्लक्ष करण्याची मुभा कमी होते. शिवाय हवा सुधारायला कायदा, कारखाना, सरकार सगळ्यांना हलवावं लागतं. त्यासाठी भांडत राहिलं पाहिजे, पण तोवर मुलाच्या पोटाचा घेर वाढू द्यायचा हे काही त्या भांडणाचं हत्यार होत नाही.

तिसरा आक्षेप अभ्यासकांचा: आधी कोण? दमा आहे म्हणून मूल खेळत नाही आणि म्हणून लठ्ठ होतं, असंही असेल. असतंच. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागात सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या दोन हजारांहून अधिक मुलांना वर्षानुवर्षं पाहिलं गेलं. २०१७ च्या त्या अहवालानुसार दमा असलेल्या मुलांना पुढे लठ्ठपणा येण्याचा धोका इतरांपेक्षा ५१ टक्क्यांनी जास्त होता. त्यातली पुढची ओळ मला जास्त महत्त्वाची वाटते. जी दमेकरी मुलं त्रास झाल्यावर लगेच आराम देणारा पंप वापरत होती त्यांच्यात हा धोका ४३ टक्क्यांनी कमी दिसला. पंपामुळे वजन उतरत नाही. पण ज्याचा श्वास मोकळा आहे ते मूल मैदानात टिकतं, असा याचा अर्थ मी लावतो. म्हणजे हा आक्षेप माझ्या म्हणण्याला तोडत नाही, उलट पुरा करतो: दमा नीट आवरला तर वजनाला आळा बसतो आणि वजनाला आळा घातला तर श्वास सुधारतो. या दुसऱ्या अर्ध्या भागाला पुरावा लहान आहे पण दिशा स्पष्ट आहे. ऑस्ट्रेलियात लठ्ठ दमेकरी मुलांवर दहा आठवड्यांच्या आहारबदलाचा छोटा प्रयोग झाला आणि त्यात फुप्फुसातली ती शिल्लक हवाही वाढली, दमाही जास्त ताब्यात आला.

आजी-आजोबांचा आक्षेप शास्त्रीय नसतो, पण घरात निर्णय त्यांचाच चालतो. 'वाढतं अंग आहे, उंची झाली की जिरेल.' यात तथ्य आहे आणि ते नाकारून चालणार नाही. सात-आठ वर्षांच्या मुलाचं वजन उतरवावंच लागतं असं नाही. आहे तिथे रोखून धरलं आणि उंची वाढू दिली तरी वर्ष-दोन वर्षांत प्रमाण बसतं. पण 'आपोआप' नाही. काहीच न करता वयात येईपर्यंत वाट पाहिली तर बहुतेक लठ्ठ मुलं लठ्ठच राहतात. बाळसं ही पहिल्या दोन वर्षांची गोष्ट आहे, पाचवीतल्या मुलाला बाळसं नसतं. जिथे दोन पिढ्यांपूर्वी मूल जगेल की नाही याची चिंता होती तिथे अंगाने भरलेलं नातवंड म्हणजे घराची बरकत वाटणं स्वाभाविक आहे, म्हणून या बाबतीत मी पालकांशी कमी आणि आजींशी जास्त बोलावं या मताचा झालो आहे.

खाणं आणि खेळ यांचं इथलं चित्र शहरासारखं नाही आणि खेड्यासारखंही उरलेलं नाही. कर्जतहून मुंबईची शंभर किलोमीटरची लोकल धरणाऱ्या घरात आई किंवा बाप, कधी दोघंही, पहाटे बाहेर पडतात आणि रात्री उशिरा येतात. मुलाच्या डब्यात बिस्किटं जातात, संध्याकाळी हातात दहा रुपये आणि रात्री दहाला जेवण. ज्या घरांनी रस्त्याकाठची जमीन विकली तिथे पैसा आला, नांगर गेला, मुलांच्या शाळेला व्हॅन लागली. वाडीवरही पाच रुपयांचं कुरकुरीत पाकीट पोचलं आहे. दूध आणि केळं तितक्या नेमाने पोचत नाही. आणि पाऊस. जून ते सप्टेंबर इथे मैदान म्हणजे चिखल, आणि शाळांना छप्पर असलेली खेळायची जागा नसते. चार महिने बसून राहिलेलं मूल ऑक्टोबरच्या उन्हात धावायला गेलं की धाप लागणारच, आणि त्याच धापेला बघून त्याला पुन्हा बसवलं जातं. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शाळेच्या उपाहारगृहांतून जंक फूड बंद करण्याचा आदेश काढला, केंद्राच्या अन्न सुरक्षा नियमांनी २०२० मध्ये शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-तेलाचे पदार्थ विकायला मनाई केली. आमच्या बहुतेक शाळांना उपाहारगृहच नाही. फाटकाबाहेरची टपरी मात्र आहे, आणि ती चालवणारी बाई त्याच शाळेतल्या कुणाची तरी आई असते. तिचं दुकान उठवून काही साधणार नाही. उकडलेले शेंगदाणे, काकडी, चणे, केळी विकायला तिला ग्रामपंचायतीने मदत करणं जास्त शहाणपणाचं.

शेवटचा आक्षेप मुलांच्या बाजूचा आहे. मोजमाप सुरू केलं की 'जाड्या', 'हत्ती' ही नावं वर्गात अधिकृत होतील. ही भीती खरी आहे. चिडवलं गेलेलं मूल मैदान टाळतं, डबा लपून खातं आणि काही वर्षांनी डॉक्टरही टाळतं. म्हणून वजनाचा आकडा वर्गात मोठ्याने वाचू नये, फळ्यावर तर मुळीच नाही, आणि मुलाशी बोलताना विषय अंगाचा न ठेवता श्वासाचा ठेवावा. 'बारीक हो' हे मुलाच्या हाती नसतं. 'स्टेशनचा पूल न थांबता चढता यायला हवा' हे त्याला कळतं आणि हवंही असतं. आईला दोष देणं तर निव्वळ आळस आहे, कारण घरातलं तेल, जेवणाची वेळ आणि टीव्ही तिच्या एकटीच्या ताब्यात क्वचितच असतात. मात्र चिडवतील म्हणून मोजायचंच नाही हा उपाय नव्हे; न मोजल्याने चिडवणं थांबलेलं नाही.

मोजायला काय लागतं? पाच ते अठरा वर्षांच्या भारतीय मुलांसाठी बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकर यांच्या पुढाकाराने २०१५ मध्ये वाढीचे तक्ते दिले आहेत, आणि त्यांत जास्त वजनाची व लठ्ठपणाची रेषा आपल्या मुलांच्या शरीराचा विचार करून परदेशी तक्त्यांपेक्षा खाली धरली आहे. ते प्रत्येक शाळेत लावता येतात. तक्ता नसेल तर सुतळी पुरते: मुलाच्या उंचीएवढी सुतळी घ्यायची, तिची दुहेरी घडी करायची आणि ती बेंबीजवळ पोटाभोवती गुंडाळायची. टोकाला टोक मिळालं नाही तर पोटाचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि मुलाला दाखवायला हवं. बाल स्वास्थ्य पथकाच्या कार्डावर वजन-उंचीशेजारीच तीन प्रश्न छापावेत: रात्री खोकतो का, झोपेत घोरतो का, बरोबरीच्या मुलांबरोबर धावताना थांबावं लागतं का. कार्ड बदलायला वेळ लागेल. तोवर पालकांनी आपल्या बाजूने एवढं करावं: श्वासाच्या तक्रारीसाठी कुठेही गेलात तरी मुलाचं वजन आणि उंची दोन्ही केसपेपरवर लिहून घ्या, मूल घोरत असेल तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, आणि खेळायचं नाही अशी चिठ्ठी कुणी दिली तर ती शाळेत देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरला दाखवा.